पुस्तकाला डिस्प्ले ब्लॉक
एक्सएमएल फाईल उघडली की क्रोम कुरकुरतो: हिला शैलीची माहितीच जोडलेली नाही. खाली नुसतं खुणांचं झाड. त्याचंही बरोबर आहे. एचटीएमएलचा 'पी' म्हणजे परिच्छेद हे त्याला पाठ असतं, पण घरच्या यादीतली माझी 'पुस्तक' ही खूण त्याला काय कळणार? (खुणेचं नाव देवनागरीत चालतं, याचं मला अजून अप्रूप आहे.) माथ्यावर 'एक्सएमएल-स्टाइलशीट'ची एक ओळ टाकायची, सीएसएसमध्ये पुस्तकाला 'डिस्प्ले: ब्लॉक' सांगायचं, की यादी माणसांत येते. ही सोय १९९९ची. दुव्यांचं मात्र रडगाणं. २००१ साली एक्सलिंक आली. तिच्या अनेक टोकांच्या दुव्यांना ब्राउझरांनी दारात उभं केलं नाही. मग एचटीएमएलचा 'ए' नेमस्पेससकट उसना आणायचा.