मागच्या बाकावरचे विचार

शिक्षकांनी वर्गात प्रश्न विचारला की तीन-चार हात वर होतात. रोज तेच हात. बाकीची पन्नास मुले फळ्याकडे पाहत बसतात आणि पालकसभेत अम्मी-अब्बांना ऐकावे लागते, ‘मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही.’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की या महिन्यात त्यावरच लिहायचे ठरवले.

‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द आता शिक्षकांच्या प्रशिक्षणात सर्रास ऐकू येतो. ही पद्धत मुळात शाळेतली नाही, जाहिरातीच्या धंद्यातली आहे. न्यूयॉर्कचे अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी 1939 च्या सुमारास आपल्या कचेरीत ती सुरू केली. नियम साधे होते. कोणाच्या कल्पनेला नावे ठेवायची नाहीत, विचित्र वाटणारी कल्पनाही सांगायची, जितक्या जास्त तितके चांगले, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालायची.

ऐकायला छान आहे. पण 1958 मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठात ही पद्धत तपासली गेली, तेव्हा उलटेच दिसले. चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी वेगवेगळे बसून सुचवलेल्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि तेवढ्यात आपले सुचलेले विसरते किंवा सांगण्यासारखे वाटेनासे होते. साठ मुलांच्या वर्गात काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणून आम्हाला बोलण्यापेक्षा लिहिण्याची पद्धत अधिक पटते. जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी ती 1968 मध्ये मांडली. सहा माणसे, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटे. मग कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात 108 कल्पना होतात. आपल्या पस्तीस मिनिटांच्या तासाला हे परवडणारे नाही. चार-चार मुलांचे गट करावेत. प्रत्येकाने तीन मिनिटांत दोन कल्पना लिहाव्यात आणि कागद पुढे द्यावा. पुढच्याने आधीचे वाचून त्यात भर घालावी किंवा नवे लिहावे. बारा मिनिटांत एका गटाच्या 32 कल्पना होतात. कागदावर नाव लिहायचे नाही, आणि शुद्धलेखन तपासायचे नाही.

यात आपल्या मुलांसाठी एक मोठी सोय आहे. घरी दखनी किंवा कोकणी बोलायची आणि शाळेत पुस्तकी मराठी, या ओढाताणीत कितीतरी मुले तोंड मिटून घेतात. बोलताना एखादा शब्द चुकला की वर्ग हसतो. कागद हसत नाही. घरचाच शब्द लिहू द्यावा. शेजारच्याला कळला नाही तर तो विचारेल. त्यातही ओळख होते.

प्रश्न मात्र नीट निवडावा. ‘पाण्याचे महत्त्व सांगा’ याची उत्तरे निबंधाच्या पुस्तकात तयार असतात. ‘आपल्या शाळेच्या नळाजवळ रोज चिखल होतो, तो थांबवायला काय काय करता येईल?’ याची नसतात. शेवटी प्रत्येकाने आवडलेल्या दोन कल्पनांपुढे ठिपका द्यावा आणि सर्वाधिक ठिपक्यांची कल्पना खरोखर करून पाहावी. कागद गोळा करून कपाटात ठेवून दिले, तर पुढच्या वेळी मुले मनापासून लिहिणार नाहीत, आणि त्यांचे काही चुकणारही नाही.

ज्या शिक्षकांना एवढाही वेळ मिळत नाही, त्यांनी निदान थांबायला शिकावे. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेला आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद वाट पाहतात. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांब होतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. खर्च काहीच नाही!

घरीही हे जमते. सुट्टीत कुठे जायचे, घरखर्चात कुठे बचत करायची, असा प्रश्न दस्तरखानावर निघाला तर आधी सर्वांनी चिठ्ठीवर लिहावे, सर्वांत धाकट्याची चिठ्ठी पहिल्यांदा वाचावी, आणि अब्बांनी आपले मत सगळ्यांत शेवटी सांगावे.