भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत, ट्रस्टच्या ऑफिसात, ट्यूशनच्या खोलीत जे जुने कॉम्प्युटर आहेत ते भंगारात देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. सध्या ते देण्याची घाई सुरू आहे आणि तिचे कारणही खरे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे काल व्यवस्थित चालणारे मशीन आज एकदम 'जुने' ठरले.

मग कोणीतरी 'सेटिंग' सुचवतो. ओळखीच्या मुलाकडे क्रॅक केलेल्या विंडोजचा पेनड्राइव्ह असतो, पाचशे रुपयांत काम होते. क्रॅकची फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना सोबत असते. दारावरचा वॉचमन आधी घरी पाठवा असे सांगणाऱ्या पाहुण्याला आपण आत घेऊ का? याच मशीनवर स्कॉलरशिपचे फॉर्म भरले जातात. पोरांची आधार कार्डे, अब्बांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असे सगळे स्कॅन होऊन इथेच पडून असते. गल्लीभर लोकांचे कागद ज्या डब्यात आहेत, त्याला चोरीचे कुलूप लावणे मला पटत नाही.

यापेक्षा आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या आणि लिनक्स मिंट डाउनलोड करा. ती मोफत आहे आणि फाइल साधारण तीन जीबीची आहे. इथे बरेच जण अडतात, कारण ती आयएसओ फाइल नुसती कॉपी केल्याने ड्राइव्ह बूट होत नाही. रूफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रामने ती ड्राइव्हवर 'लिहावी' लागते. त्यात ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेला ड्राइव्ह यासाठी घेऊ नका. व्हेंटॉय हा प्रोग्राम मला जास्त आवडतो. तो ड्राइव्हवर एकदा बसवला की पुढे आयएसओ फाइली गाण्यांसारख्या नुसत्या टाकत जायच्या. सुरुवातीला मेनू येतो, हवी ती निवडायची.

मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोवोवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एफ९. मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालते, हार्ड डिस्कला हात लागत नाही. आवाज, प्रिंटर, वाय-फाय तपासून बघा. वाय-फाय चालले नाही तर फोन चार्जिंगच्या केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. मराठी आणि उर्दू दोन्ही टायपिंग होते. समाधान झाले तरच इन्स्टॉल करा, तेही सगळ्या फाइली दुसरीकडे काढून ठेवल्यावर. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या.

प्रत्येकाने विंडोज सोडावे असे मी म्हणणार नाही. ज्याचे पोट टॅलीवर किंवा फोटोशॉपवर आहे, त्याने सोडू नये. ब्राउझर, फॉर्म, पीडीएफ आणि अभ्यासाचे व्हिडिओ एवढ्यासाठी मात्र मिंट पुरते. केरळमधल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षे लिनक्सवर चालत आहेत, तिथली पोरे काही मागे राहिली नाहीत.

सोबत एक साटा-टू-यूएसबी केबल घेऊन ठेवा. बंद पडलेल्या लॅपटॉपची डिस्क शाबूत असेल तर तिच्यातले फोटो आणि कागद या केबलने दुसऱ्या मशीनवर निघतात. 'दोन टीबी, तीनशे रुपये' असे पेनड्राइव्ह मात्र घेऊ नका. ते क्षमता खोटी दाखवतात आणि ड्राइव्ह भरला की पुढच्या फाइली नष्ट होतात.

हे काम गल्लीतल्या एकाच 'कॉम्प्युटरवाल्या भाई'वर टाकलेलेही मला नको आहे. अभ्यासिकेत येणाऱ्या दोन मुलींना आणि दोन मुलांना ते शिकवा. एक ड्राइव्ह तिथल्याच खणात ठेवा आणि प्रत्येक मशीनवर पट्टी चिकटवून त्याच्या बूट मेनूची कळ लिहून ठेवा.