अहवालातील आकडा आणि आयुष्याची मुदत

भोरच्या बाजारपेठेतील एखाद्या निर्व्यसनी घरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले, की पहिला प्रश्न उमटतो, ‘तंबाखूला कधी हात लावला नाही, मग हे कसे?’ वेल्ह्याच्या वाडीवर आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या माउलीच्या घरीही हाच प्रश्न असतो. धूम्रपान हे या रोगाचे प्रमुख कारण खरे. परंतु ते एकमेव नव्हे. चुलीचा धूरही फुप्फुसांना घातक ठरतो.

दुसरा प्रश्न ओठांवर येत नाही, ‘आता किती दिवस?’ त्याचे उत्तर केवळ रोगाच्या अवस्थेवर ठरत नाही. गाठीचा तुकडा तपासताना पेशींवरील प्रथिने आणि जनुकांतील बदलही पाहिले जातात. त्यांना ‘मार्कर’ म्हणतात. पीडी-एल१ हे प्रथिन निम्म्या किंवा अधिक कर्कपेशींवर आढळल्यास, शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या औषधांचा लाभ होण्याची शक्यता वाढते. ईजीएफआर प्रथिनाच्या जनुकातील बदल धूम्रपान न करणाऱ्यांत आणि स्त्रियांत अधिक दिसतो. त्यावर जेफिटिनिबसारख्या गोळ्या उपलब्ध आहेत.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील असा बदल असलेल्या ३५० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. रोग सर्वांचाच पुढच्या टप्प्यातील होता. केवळ गोळी घेणाऱ्यांत रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिने, तर गोळीसोबत केमोथेरपी घेणाऱ्यांत १६ महिने आढळला. अर्थात दुष्परिणामही दुसऱ्या गटात अधिक होते.

मध्यक म्हणजे निम्म्यांचा काळ त्याहून कमी आणि निम्म्यांचा अधिक. तो ठेवीच्या पावतीवर छापलेली मुदतीची तारीख नव्हे. समूहाचा आकडा एका माणसाच्या नावे खतावता येत नाही.

म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच ‘तुकडा मार्कर तपासणीस पाठवला का?’ असे डॉक्टरांना विचारावे. पुण्या-मुंबईस जाताना गाठीच्या तुकड्याचे ब्लॉक व सर्व अहवाल सोबत न्यावेत. प्रकृती साथ देत असेल, तर अहवालासाठी काही दिवस थांबावे की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावे.

आणि रुग्णापासून निदान लपवू नये. ज्याने चाळीस वर्षे पेढीचा प्रत्येक व्यवहार स्वतः पाहिला, त्याला स्वतःच्या आयुष्याच्या हिशेबातून वगळणे हे प्रेम असले, तरी न्याय नव्हे. उरलेल्या दिवसांचे काय करायचे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्याचाच.