हिरवी नसलेली तुतारी

‘हिरवी तुतारी’ हे नाव ऐकून कुणी कुकडी नदीच्या काठावर हिरवा पक्षी शोधू लागला, तर तो त्याला कधीच सापडायचा नाही. हिची पाठ गडद तपकिरी, लांबून काळपटच दिसणारी, पोट पांढरे. हिरवट म्हणावे ते फक्त पाय, तेही मळकट आणि बहुधा चिखलाने माखलेले. इंग्रजी नाव मराठीत जसेच्या तसे उतरवले गेले आणि नवशिक्याची पहिली फसगत तिथेच झाली. तिच्या बहिणीचे नाव मात्र पाहताच पटते: ठिपकेवाली तुतारी.

पाऊस ओसरू लागला की उत्तरेकडची सायबेरियापर्यंतची दलदल आणि जंगले सोडून हे पक्षी आपल्याकडे येतात. हिरवी तुतारी तर कधी कधी ऑगस्टमध्येच हजर होते. आळेफाट्याच्या आसपास त्यांच्यासाठी येडगाव आणि पिंपळगाव जोगे धरणांचे फुगवटे आहेत, पाझर तलाव आहेत, ओढे आणि कालव्याकडेची डबकी आहेत. धरण काठोकाठ भरलेले असते तेव्हा त्यांना तिथे फारसे काही मिळत नाही. आवर्तने सुटून पाणी उतरू लागले आणि गाळपेराची जमीन उघडी पडू लागली की ओल्या गाळाची पट्टी तयार होते. तीच त्यांची पंगत. कांद्याच्या वावरालगतचे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे कितीही तुडुंब असो, त्याला गाळाचा काठ नाही, म्हणून तुतारीला तिथे खायला नाही.

या दोघी बसलेल्या असताना भल्याभल्यांना चकवतात. पाहायचे ते डोळ्याजवळ. हिरवीची पांढरी भुवई चोचीपासून डोळ्यापर्यंत येऊन थांबते. ठिपकेवालीची डोळा ओलांडून मागे जाते. ठिपकेवालीचे पाय पिवळसर, पाठीवरचे ठिपके मोठे आणि ठसठशीत. पण खरा निकाल उडताना लागतो. दोघींचेही ढुंगण पांढरे, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. पंखाची खालची बाजू पाहावी. हिरवीची ती जवळजवळ काळी असते, ठिपकेवालीची फिकट. आवाजही वेगळे. हिरवी उठतानाच वर चढत जाणारी स्वच्छ शीळ घालते, तर ठिपकेवालीचे ‘चिफ-इफ-इफ’ कोरडे आणि घाईचे. शिवाय हिरवीला एकटेपणा आवडतो, ओढ्याच्या वळणावर ती एकटीच सापडते. ठिपकेवाली उघड्या दलदलीत किंवा भाताच्या खाचरात बरेचदा चारचौघींत दिसते. तिसरी, साधी तुतारी, त्या मानाने सोपी आहे: शेपूट सतत खालीवर आणि खांद्यापुढे पांढरी पाचर.

याच गाळावर दिसणाऱ्या टिलवे नावाच्या इवल्या पक्ष्यांमध्ये पायांचा रंग पाहावा. छोट्या टिलव्याचे काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट. जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा हा छोटा टिलवा थेट आर्क्टिकच्या टुंड्रातून आलेला असतो, हे मनात ठेवून दुर्बीण लावली की हात आपोआप स्थिर होतो.

हे सारे शिकायला एक हिवाळा पुरत नाही, आणि इथेच आमचा आग्रह आहे. दुपारच्या झळांमध्ये, दूरवर, पाठमोरा दिसलेला पक्षी नावानिशी यादीत घालण्याची घाई वाढली आहे. फोटो मिळाला म्हणजे जात कळली असे नाही. बसलेल्या पक्ष्याच्या फोटोत पंखाखालची बाजू नसते, आवाज तर नसतोच. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि ती बहुतांशी हौशी लोकांच्या नजरेवर उभी आहे. पाणपक्ष्याच्या एखाद्या जातीच्या त्या भागातल्या समूहापैकी एक टक्का पक्षी एखाद्या पाणथळीवर नियमित येत असतील, तर त्या जागेला महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळू शकते. नाव चुकले की तो टक्काही चुकतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने सोळा किनारपक्ष्यांची अवस्था आधीपेक्षा बिकट असल्याचे नोंदवले. त्यात कर्ल्यू सँडपायपरही आहे, जो थंडीच्या करड्या पिसांत डनलिनसारखाच दिसतो. घटणाऱ्या पक्ष्याची नोंद दुसऱ्याच्या नावावर पडली, तर त्याचे घटणे कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून येत्या जानेवारीत येडगावच्या काठावर जी मुले गणनेला जातील, त्यांच्या तक्त्यात शिक्षकांनी एक ओळ मुद्दाम आखून द्यावी: ‘तुतारी, जात ठरली नाही’. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही अशा नोंदीची सोय आहे. त्या ओळीपुढे आकडा लिहावा आणि त्याखाली जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे: एकटीच होती, ओढ्याच्या तोंडाशी, उडाली तेव्हा पंखाखाली काळी वाटली, वाऱ्यामुळे आवाज ऐकू आला नाही.