सुट्या भागांचे काय?

संपादक मंडळातील माझ्या मित्राला लेखाचा विषय सांगितला, तेव्हा तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला. “अरे, हा कला महाविद्यालयाचा वार्षिक अंक आहे, गॅरेजचे हँडबिल नव्हे!” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण दर वर्षी आपल्या अंकात पावसावर दोन, आईवर तीन आणि मैत्रीवर निदान चार लेख येतात. एखादा मोटारसायकलीच्या सुट्या भागांवर आला तर अंकाचे फारसे बिघडणार नाही. शिवाय मला जे म्हणायचे आहे ते शेवटी ग्रंथालयापाशीच येऊन पोचते.

आमच्या घरी ‘येझदी रोडकिंग’ आहे. आजोबांनी ती १९८४ साली नवी कोरी घेतली. तिची गिअरची दांडी आत दाबून मागे फिरवली की तीच किक होते. गाडी सुरू झाली की दांडी पुन्हा पुढे आणायची आणि तिनेच गिअर टाकायचा. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावे लागते, आणि ते विसरणाऱ्याला गाडी क्षमा करीत नाही. मुळात ही गाडी परदेशची. फ्रान्टिशेक यानेचेक यांनी झेकोस्लोव्हाकियात १९२९ साली ‘जावा’ सुरू केली; यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून ते नाव तयार झाले. रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरच्या यादवगिरी भागात कारखाना काढून १९६१ पासून ती भारतात बनवली. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ हे नाव आले, ते इराणातील यझ्द या गावावरून. १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा ही गाडी बनवणारे कोणी उरलेच नव्हते, आणि तरी माझे शाळेत जाणे-येणे तिच्यावरूनच झाले.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी गाडी पांढरा धूर ओकू लागली. टू-स्ट्रोक गाडी थोडा धूर सोडतेच, पण हा धूर असा, की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे आत नेले. मिस्त्रींनी पाच मिनिटांत निदान केले. क्रँकच्या क्लचकडच्या बाजूला एक रबरी ऑईल सील असते. ते गेले की गिअरपेटीतले तेल इंजिनात ओढले जाते आणि जळते. दोन बोटांत मावेल एवढी वस्तू. पण ती नसेल तर दीडशे किलोची गाडी म्हणजे नुसते लोखंड.

आजोबा सांगतात, की पूर्वी अशा वेळी शहरातल्या डीलरकडे जायचे, काउंटरवर भागाचा नंबर सांगायचा आणि कंपनीचे शिक्का असलेले पाकीट घेऊन यायचे. आता नंबर आजोबांना पाठ आहे, काउंटर मात्र नाही. एका दुकानात अगदी तसेच पाकीट मिळाले, छपाई जरा जास्तच चकचकीत. पंधरा दिवसांत सील फुगले आणि धूर परत आला. मिस्त्रींनी ते काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, “ह्ये कंपनीचं न्हवं, पोरा. पाकीट तेवढं कंपनीचं.”

मग मी पुण्याला नाना पेठेत दोन दिवस हिंडलो. तिथे दुचाकीचा कुठलाही भाग मिळतो अशी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. काही दुकानांत जुने, न वापरलेले भाग खरोखरच निघाले: तेलकट कागदात गुंडाळलेले, तीस वर्षे तसेच पडून राहिलेले. पण रबर ठेवून ठेवूनही म्हातारे होते. शेवटी तोडगा निघाला तो आमच्या कोल्हापुरातच, आणि तोही एका बेअरिंगच्या दुकानात. दुकानदाराने व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली, मागच्या फळीवरून पेट्रोलला दाद न देणाऱ्या रबराचे एक सील काढले आणि समोर ठेवले. ते कुठल्या तरी पंपासाठी बनलेले होते. गाडी आजही त्यावर चालते.

या प्रसंगाने मला एक गोष्ट शिकवली. ज्या भागांची मापे सार्वजनिक आहेत, म्हणजे बेअरिंग, सील, नटबोल्ट, साखळी, ते भाग कंपनी मेली तरी मरत नाहीत. ज्यांची मापे फक्त कंपनीच्या कपाटात होती, ते मात्र कपाटाबरोबर जातात.

याचा पुरावा दोन महिन्यांतच मिळाला. किकच्या दांडीला आतून जो दातेरी भाग असतो त्याचे दाते झिजले आणि किक घसरू लागली. हा भाग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारा नव्हे. आम्ही शिवाजी उद्यमनगरात गेलो. उद्यमनगरातील लेथवर काय होत नाही? ऑईल इंजिनांपासून या गावाने यंत्रे घडवली आहेत. टर्नरने जुना भाग पुढे ठेवून नवा कापून दिला. महिन्याभरात त्याचे दाते वाकले. दुसरा केला, त्याला पाणी जास्त बसले. त्याचा एक दात तुटून गिअरपेटीत पडला. दोष टर्नरचा नव्हता. पोलाद कोणत्या जातीचे होते, त्याला पाणी किती खोल द्यायचे, दाताची जाडी मुळात किती होती, हे त्याला सांगणार कोण? त्याच्यापुढे होता चाळीस वर्षे झिजलेला नमुना, आणि झिजलेल्या नमुन्यावरून केलेली नक्कल झिजेचीही नक्कल करते.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलांवर नकला होताना अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. आमच्या टर्नरकडे ताडून पाहायला दुसरी प्रतही नव्हती. (किकच्या दांडीची तुलना ज्ञानेश्वरीशी केल्याबद्दल मराठी विभागाने मला माफ करावे.)

आता मुद्द्यावर येतो. पुस्तकांच्या बाबतीत आपल्या देशाने ही अडचण फार पूर्वी ओळखली. १९५४ साली कायदा झाला, की प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी. पुढे प्रकाशकाचे दिवाळे निघो, गोदाम जळो, पुस्तक कुठे तरी असते. यंत्राच्या बाबतीत असा कायदा का नसावा? नवे मॉडेल बाजारात आणण्यापूर्वी कंपनीला त्याचा नमुना तपासून घ्यावाच लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम तेच सांगतो. ही तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय., पुण्याच्या टेकडीवरच आहे. त्याच वेळी प्रत्येक झिजणाऱ्या भागाचा आराखडा, पोलादाची जात आणि मापांतील सूट यांचा एक संच मोहोरबंद करून तिथे ठेवावा. कंपनी भाग पुरवीत आहे तोवर त्या मोहोरेला कोणी हात लावू नये. कंपनी बंद पडली किंवा तिने भाग देणे थांबवले, की ती फोडावी आणि माफक शुल्क घेऊन ते कागद मागेल त्याला द्यावेत. माझे म्हणणे एवढेच आहे.

कंपनी बुडते तेव्हा काय घडते ते पाहावे. जमिनीला गिऱ्हाईक असते, यंत्रांना भंगारवाला असतो. कामगारांचे थकलेले पगार आणि बँकांची कर्जे यांची रांग लागते. त्यात कामगार पुढे असावेत हे मला पूर्ण मान्य आहे. नावालाही किंमत येते. ‘येझदी’ हे नाव २०२२ च्या जानेवारीत नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले. त्या गाड्यांचे इंजिन ३३४ सी.सी.चे, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे आहे. आजोबांच्या गाडीचे २५० सी.सी.चे, टू-स्ट्रोक, वाऱ्याने थंड होणारे. नाव परत आले याचा आजोबांना आनंदच झाला, पण नव्याचा पिस्टन जुन्यात बसत नाही. रांगेत कुठेच नसतो तो गाडीचा मालक. त्याने पैसे चुकते केलेले असतात, तेव्हा त्याचे कोणी काही देणे लागत नाही!

कंपनी जिवंत असली की गोष्ट निराळी असते. हार्ले-डेव्हिडसनने २०२० च्या सप्टेंबरात भारतातील आपला कारभार आवरता घेण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात सुटे भाग व सर्व्हिस यांची व्यवस्था हीरो मोटोकॉर्पकडे सोपवल्याचे सांगितले. फोर्डने २०२१ मध्ये इथले कारखाने बंद करताना जुन्या गिऱ्हाइकांना सर्व्हिस आणि भाग देत राहण्याचा शब्द दिला. ज्याला जगात नाव राखायचे आहे तो असा शब्द देतो. ज्याचे नावच लिलावात निघाले तो कोणाला शब्द देणार? म्हणूनच ही गोष्ट कंपनीच्या भलेपणावर सोडून चालणार नाही. कंपनी धडधाकट असतानाच कागद तिच्याकडून घेऊन ठेवले पाहिजेत.

हा विषय वर्गाबाहेर निघाला तेव्हा आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा, की १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली, लोकांना कमी पेट्रोल पिणारी फोर-स्ट्रोक गाडी आवडली आणि येझदी मागे पडली. बाजाराने निकाल दिला, आता मढे कशाला उकरायचे? दुसरा असा, की धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर टिकाव्यात म्हणून कायदा करणे शहाणपणाचे नाही. दुसऱ्या आक्षेपापुढे मी थोडा गप्प झालो. आमची गाडी नव्या गाडीपेक्षा हवा अधिक खराब करते, हे खरे आहे. म्हणून ती आम्ही आता रोज काढीत नाही. पण गाडी रस्त्यावर असावी की नसावी हे धुराच्या तपासणीने ठरवावे, एका दातेरी तुकड्याच्या अभावाने नव्हे. पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही. बाजाराने नव्या गाडीच्या बाजूने कौल दिला. ज्यांनी जुनी विकत घेतली होती त्यांची गाडी निकामी करा, असे बाजाराने कुठे म्हटले होते?

आणि हा केवळ जुन्याचा हळवेपणा आहे असे समजणाऱ्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारावी. तिथे विजेच्या स्कूटरची संख्या दर सत्राला वाढते आहे. त्यांपैकी कित्येक फोनवरून उघडतात, आणि त्यांची आज्ञावली कंपनीच्या संगणकावर असते. २०२३ च्या जुलैमध्ये नेदरलँड्समधील व्हॅनमूफ ही विजेच्या सायकली बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या मालकांपुढे प्रश्न पडला, की कंपनीचा संगणक बंद झाला तर सायकल उघडायची कशी? एका प्रतिस्पर्धी कंपनीने घाईने एक ॲप काढून त्यांना डिजिटल किल्ल्या उतरवून घ्यायला मदत केली, म्हणून निभावले. येझदीचा दात निदान उद्यमनगरात चुकतमाकत तरी कापता येतो. आज्ञावली कोणत्या लेथवर कापणार? आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या क्षेत्रांचा विचार व्हायचा होता त्यांत मोटारवाहनेही होती. त्या चर्चेत चालत्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. बंद पडणाऱ्या कंपन्यांच्या कागदांचाही विचार तिथे व्हावा.

किकचे पुढे काय झाले ते सांगतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात. तिथे एका गृहस्थांकडे तो दातेरी भाग न वापरलेला निघाला. त्यांनी तो विकायला साफ नकार दिला, पण तीन दिवसांसाठी उसना दिला. उद्यमनगरात त्याची मापे घेतली, कडकपणा तपासून घेतला आणि त्यावरून तिसरा तुकडा केला. तो अजून टिकून आहे. मापे घेतली त्याच दिवशी मी आलेखाच्या कागदावर तिन्ही बाजूंनी त्याचे चित्र काढले, टर्नरने शेजारी पोलादाची जात आणि पाणी देण्याची रीत आपल्या अक्षरात लिहिली, आणि त्याची एक प्रत मी आपल्या ग्रंथालयात नेऊन दिली.

ग्रंथपाल मॅडमनी कागद उलटासुलटा करून पाहिला. एकच कागद दाखल करून घेता येतो का, याचा थोडा विचार केला. मग ६२९.२२७५ हा क्रमांक घातला आणि लेखक म्हणून कोणाचे नाव लिहू, असे विचारले. मी टर्नरचे नाव सांगितले. प्रकाशकाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला.