वाडा पाहा, खतघरही पाहा



अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन येथला वाडा लोक आजही पाहायला जातात. माझे लक्ष मात्र त्यांच्या शेतीच्या इमारतींकडे जाते.

तंबाखूने जमिनीचा कस गेला, तेव्हा १७६० नंतरच्या दशकात त्यांनी गहू धरला. शेणखत पावसात वाहू नये म्हणून १७८७ मध्ये छपराचे खतघर बांधले. पुढे सोळा बाजूंचे मळणीघर उभारले. वरच्या मजल्यावर घोड्यांची पात फिरे आणि फळ्यांच्या फटींतून दाणे खाली पडत. दाण्यांत माती नाही, पावसाची भीती नाही! या दोन्ही इमारती आता पुन्हा उभारल्या आहेत.

पण तिथे राबले कोण? १७९९ मध्ये त्या शेतांवर ३१७ गुलाम होते. घाम त्यांचा, गहू मालकाचा.

तेव्हा उकिरड्यावर छप्पर जरूर घाला. पण राबणाऱ्याची मजुरीही वेळेवर द्या.