जुगाडाचं कौतुक पुरे

कॅप्टन अमोल यादव मूळचे आमच्या सातारा जिल्ह्यातले. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ साली मुंबईत प्रदर्शनात मांडलं, २०१७ साली त्याची नोंदणी झाली. त्याला कुणी कौतुकाने "देशी जुगाड" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

सांगलीचा माझा भाचा छोटं विमान बांधायला घेतोय. म्हणतो, "मामा, बोल्ट काय, बाजारात ढिगाने मिळतात!" अरे, प्रश्न ताकदीचा नाहीच. ८.८ ग्रेडचा चांगला बोल्ट ताकदीत विमानाच्या साध्या बोल्टच्या आसपास येतो. पण स्टिकपासून निघणाऱ्या दांड्यांचे सांधे सतत हलतात. बोल्टचे आटे भोकात आले की भोक खातात, म्हणून गुळगुळीत भाग सांध्याच्या जाडीइतका हवा. फिरत्या सांध्यावर नायलॉनचा नट चालत नाही. खाचांचा नट आणि आरपार स्प्लिट पिन हवी. बोल्टचं डोकं शक्यतो वर किंवा पुढे, म्हणजे नट गळाला तरी बोल्ट जागेवर राहतो. रॉड एंडला बाहेरून मोठा वॉशर, गोळी निसटली तरी दांडी सुटू नये म्हणून.

यात जुगाड कुठे आला? उसाच्या ट्रॉलीच्या पिनेला तार गुंडाळून कारखाना गाठणारा आपला मुलूख. तीही खोड वाईटच, पण तिथे निदान खाली रस्ता असतो!

असो. बोल्ट सर्टिफिकेटसकट मागव, महाग पडले तरी, असं त्याला बजावलंय. आता खर्चावरून ताईचा फोन येईलच.